खुंटी माझी आसा

रोज सकाळी कामाला बसण्याआधी कुलसुमबी रिळातून हातभर दोरा काढते, दोन्ही हातांत ताणून कानाजवळ नेते आणि अंगठ्याने एकदाच छेडते. आवाज मनासारखा आला तर ती तो वापरायला घेते. नाही आला तर दोरा गुंडाळून बाजूच्या डब्यात टाकते. परसातल्या पडवळाचा वेल बांधायला तो पुरतो. मेण लावलेला चांगला दोरा कसा वाजतो, असं मी लहानपणी तिला विचारलं होतं. "वाजता तसो वाजता," ती म्हणाली होती, "तू आपलो कान धू पयलो."

मालवणच्या बाजारपेठेमागे, माशांचा वास आणि मशिदीची अजान दोन्ही पोचतात अशा गल्लीत तिचं कौलारू घर आहे. आडनाव पटवेकर. पटव्याचं काम म्हणजे मणी आणि सोनं दोऱ्यात गाठवून देणं. हल्ली मंगळसूत्र सोन्याच्या तारेत ओवून सोनाराकडूनच मिळतं. पण लग्नाच्या दिवशी गळ्यात पडणारं पहिलं मंगळसूत्र दोऱ्यातलंच हवं, असं आमच्याकडे अजून बऱ्याच घरांत मानतात. काळे मणी, दोन वाट्या आणि दोरा. ते गाठवून घ्यायला कट्ट्यापासून धामापूरपर्यंतच्या बायका कुलसुमबीकडे येतात. माझ्या आईचं तिनेच ओवलं, मावशीचंही.

पटवे एरवी दोरा पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणतात. या घरात तसं कधी झालं नाही. सौभाग्याच्या वस्तूला पाय लागू नये म्हणून तिच्या सासऱ्यांनी ओटीच्या खांबाला फणसाच्या लाकडाची एक खुंटी ठोकली. दोरा त्या खुंटीला अडकवायचा, समोर पाटावर बसायचं आणि ओवत जायचं. पहिला मणी घेताना कुलसुमबी 'बिस्मिल्ला' म्हणते. मोठ्याने नाही, पण लपवूनही नाही. मग समोर बसलेल्या बाईला सांगते, "आता तुमच्या देवाचा नाव घे." ती बाई रवळनाथाचं किंवा भगवतीचं नाव घेते, आणि काम सुरू होतं. यात काही विशेष आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही.

पूर्वी ओवणं याच ओटीवर व्हायचं, पण मणी आणायला आणि मंगळसूत्र पोचवायला नवरीच्या घरी जावं लागायचं. कुलसुमबीचे यजमान इब्राहीमचाचा पिशवी घेऊन सायकलने जायचे, कधी ती एस.टी.ने जायची. ते वारले तेव्हा ती इद्दतला, म्हणजे नवऱ्यामागच्या चार महिने दहा दिवसांच्या शोकाला, बसली. त्या महिन्यांत घराबाहेर पडायचं नाही. नेमकी लग्नसराई होती. बायका पहिल्यांदा अडखळल्या, मग मणी घेऊन तिच्याच दारी येऊ लागल्या. इद्दत संपली तरी येतच राहिल्या. विधवेच्या हातून सौभाग्याचं लेणं कसं ओवून घ्यायचं, असा प्रश्न तेव्हा एक-दोघींनी काढला होता म्हणे. पण बाकीच्यांनी तो मनावर घेतला नाही. तिचा हात चांगला होता आणि दुसरं कोणी नव्हतंही.

त्या घराची एक रीत होती. शेवटची गाठ मारून झाली की कुलसुमबी मंगळसूत्र पदराखाली घेऊन आतल्या खोलीत जायची. दाराचा पडदा सोडायची. थोड्या वेळाने बाहेर यायची, ते तांदळाच्या ताटलीत ठेवून नवरीच्या आईच्या हाती द्यायची. पुरं झालेलं लेणं नवरीच्या आधी वाटेवरच्या कुणाच्या नजरेस पडू नये, एवढंच त्यामागे असणार असं सगळ्या धरून चालायच्या. आत ती काय करते, हे कुणी विचारलं नाही.

चारुतानेही नाही.

चारुता लहानपणी त्याच गल्लीत, समोरच्या घरात राहायची. तिचे वडील बँकेत होते. शाळेतून आल्यावर ती कुलसुमबीच्या ओटीवर बसून फुटके मणी गोळा करायची. पुढे ती माझ्याआधी दोन वर्षं एम.ए. झाली, कुडाळकडच्या एका कॉलेजात शिकवू लागली आणि कथा लिहू लागली. मागच्या दिवाळीत एका अंकात तिची कथा आली. कथेतली बाई जुलेखा. गाव समुद्राकाठचं, नाव न दिलेलं. पण ओटी होती, फणसाची खुंटी होती, अजान होती, पडदा होता. जुलेखा विधवा. जन्मभर दुसऱ्यांची मंगळसूत्रं ओवते. आणि प्रत्येक मंगळसूत्र पुरं झालं की आत जाते, पडदा सोडते, आरशासमोर उभी राहून ते क्षणभर स्वतःच्या गळ्यात घालते. डोळे भरून येतात. मग ते काढून, पुसून, बाहेर आणून देते.

कथा चांगली होती. मी तेव्हा प्रबंधिकेसाठी अशाच कथा वाचत होते. आजच्या मराठी कथेतली मुस्लीम स्त्री, तिची श्रद्धा, तिची ओळख, असा माझा विषय. कितीतरी कथांमधून या बाया मला भेटल्या. बहुतेकींना काहीतरी नाकारलेलं असायचं आणि बहुतेकी खिडकीशी उभ्या असायच्या. त्यांत जुलेखा वेगळी वाटली. निदान तिच्या हाताला काम होतं. मी चारुताला फोन करून तसं सांगितलंही.

ती कथा मग मोबाइलवर फिरली. आमच्याकडे दिवाळी अंक विकत घेणारे थोडे, पण पुढे पाठवणारे सगळेच. मालवणात ती ज्याने त्याने वाचली आणि प्रत्येकाने खुंटी ओळखली.

डोळे कुणाचे भरून आले की नाही, ठाऊक नाही. बायकांच्या मनात दुसरंच आलं. आपल्या मुलीच्या आधी ते मंगळसूत्र दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडलं होतं. आणि तेही नवरा गेलेल्या बाईच्या. हे कुणी बोललं नाही. मणी देऊन गेलेल्या बायका फक्त परत आल्या. "कुलसुमबी, लगीन जरा लांबलासा, मणी दी माघारी." "जावयान तार करून घेतल्यान गो, आता दोरो नको." कुलसुमबी पुरचुंडी काढून द्यायची. तुळशीची लग्नं झाली, मुहूर्त सुरू झाले आणि तिची ओटी रिकामी होती. बाजारात जाताना मला ती दिसायची. पाटावर बसून ती स्वतःच्या जपमाळेचा दोरा बदलत असायची. एवढ्या वेळा कुठल्या जपमाळेचा दोरा बदलत नाहीत.

मोहल्ल्यात वेगळंच झालं. रुकैया म्हणून तिची चुलत नणंद आहे, जिभेची तिखट. कुणाच्या तरी घरी मिलाद होता, पैगंबरांचं गुणगान करायला बायका जमल्या होत्या, आणि रुकैया सगळ्यांसमोर म्हणाली, "कुलसुम, तू हयसर कित्या? हळदीकुंकवाक जा मगे. आरशात बघून कपाळाक पण लाव." कुलसुमबी शिरखुर्म्याची वाटी तशीच ठेवून उठून आली. रेडीला दिलेली तिची मुलगी तहसीन हिचा फोन आला. तिच्या सासूला कुणीतरी कथा वाचून दाखवली होती. "अम्मा, खरा सांग, असा काय आसा काय?" मुलीनेही विचारावं, याचं तिला सगळ्यात लागलं. तिने फोन ठेवून दिला. आधी या हातांना हिंदू बायका आपलं मानत होत्या, त्या गेल्या. आणि आपल्या माणसांना वाटू लागलं की ही मनाने आपली नव्हतीच.

आमच्या घरचेही मणी तिच्याकडे होते. माझ्या धाकट्या बहिणीचं, तन्वीचं लग्न माघात होतं. दसऱ्यालाच वाट्या करून, मणी घेऊन आई ते तिच्याकडे देऊन आली होती. कथा आईने वाचली नव्हती, तिला ती माझ्या मामीने सांगितली.  चार दिवसांनी एका सकाळी आई म्हणाली, "चला गो दोघी. वाट्या घेवन येवया."

"आणूक जातंव की काढून घेवक?" तन्वीने विचारलं.

"तू नवरी आसस. कमी बोल."

"माझ्याच गळ्यात पडूचा आसा ना? मगे मी कित्या कमी बोलू?"

 रिक्षात आई सारखी पिशवीचे बंद सोडत होती आणि बांधत होती.

कुलसुमबी ओटीवर होती. आम्हाला बघून तिने पदर डोक्यावर सारखा केला आणि "ये गो सुभद्रा" म्हणाली. आई टेकली. पाण्याचे तांबे आले. भाताचं, आंब्याच्या मोहराचं, नव्या मासळी बाजाराचं बोलणं झालं. आईला शब्द सापडत नव्हता. कुलसुमबीने तो शोधायची वेळच तिच्यावर आणली नाही. ती उठली, आत गेली आणि आमची पुरचुंडी घेऊन आली. आईच्या मांडीवर ठेवली.

"ह्ये घे. वाट्या दोन, मणी तसेच आसत. बघून घे."

आई पुरचुंडीकडे बघत राहिली. "मी काय बोललंय नाय अजून."

"कोणच काय बोलना नाय. सगळी येतत, पाणी पितत, घेवन जातत. तू निदान मोहराचा तरी इचारलंस."

आईचा चेहरा उतरला. ती तशीच उठेल असं मला वाटलं. पण तन्वी पायरीवर ठाण मांडून बसली होती आणि वाट अडली होती. आईने पुरचुंडी उचलली, पुन्हा खाली ठेवली. मग एकदम, जसं कुणी डोळे मिटून औषध गिळतं तसं, म्हणाली,

"कुलसुमबी, एक इचारू? रागावशीत तर रागाव. तू आत जावन ता गळ्यात घालतंस काय?"

 रस्त्यावरून मासेवाल्याची मोटरसायकल भोंगा वाजवत गेली.

"इचारलंस," कुलसुमबी म्हणाली. तिने चष्मा काढला, पदराने पुसला. "सुभद्रा, इतक्या बायांत तू पयली इचारलंस." आणि मग ती हसायला लागली. आधी नाकातून, मग सगळ्या अंगाने, ठसका लागेपर्यंत. तन्वीने तिला पाणी दिलं.

"येवा आत, तिगी पण."

आम्ही पहिल्यांदाच त्या पडद्याच्या आत गेलो. लहानशी खोली. एका भिंतीला चटई गुंडाळून ठेवलेली. कोनाड्यात कुराण, रुमालात बांधलेलं. दुसऱ्या कोनाड्यात पितळेची एक कळशी, पालथी नाही, सुलटी. घासून लख्ख केलेली, रुंद पोटाची आणि बाईच्या मानेएवढ्या गळ्याची.

"हेच्या गळ्यात घालतंय," कुलसुमबी म्हणाली. "मंगळसूत्र हातात धरून कळता काय कसा पडतला ता? वाट्यो मधी येतत काय, एक बाजू वडता काय? कोणाच्या तरी गळ्यात घालून बघूक होया ना. तुझा पण हेनाच पयला घातलान, सुभद्रा. तुझ्या भयणीचा पण."

आईने स्वतःच्या गळ्याला हात लावला. मग तिने कळशीकडे असं पाहिलं, जसं बाईकडे पाहतात. "माझ्याआदी हिच्या गळ्यात पडला. माझी मोठी जाव ही," ती म्हणाली, आणि आता हसायची पाळी तिची होती. तन्वी तर जमिनीवरच बसली.

हसणं ओसरल्यावर कुलसुमबी दाराला टेकून उभी राहिली. "आता सगळा इचारलंस तर सगळा आयक. एकदा घातलंय मी."

आई पुन्हा तिच्याकडे वळली.

"लगीन होवन वरीस झाला नव्हता. सासू ओटयेर होती, मी आत. घातलंय गळ्यात. हौस, दुसरा काय. माझी पोत होती गळ्यात, तरी हौस. आमच्यात पण काळे मण्यांचीच पोत घालतत नवरेक, सासूनच ओवलेली माझी. त्याच्यावर हा घालून बघलंय. सासू आत इली. मारल्यान नाय. काढून घेतल्यान आणि म्हणाली, दुसऱ्याचा नशीब आपल्या गळ्यात घालूचा नाय, जड जाता. आणि ही कळशी हाडून ठेवल्यान. माझ्या लग्नातली. त्या दिसापासून ही."

हे तिने सांगायला नको होतं. सांगितलं नसतं तर आमच्या आईला कधी कळलं नसतं आणि पुरचुंडी तिथेच राहिली असती. पण विचारल्यावर अर्धंच उत्तर द्यायचं, हे तिला जमणारं नव्हतं. मी आईकडे पाहिलं. आईच्या कपाळावर एक आठी आली, थोडा वेळ थांबली.

"कोणाचा गो ता?" आईने विचारलं.

"काळश्याच्या एका बायचा. आता पणतवंडा आसत तिका. घोव अजून भांडता तिच्याशी."

"मगे तर तुझो गळो चांगलोच लाभलो," आई म्हणाली. आठी गेली. ती बाहेर आली, ओटीवरची पुरचुंडी उचलली आणि पाटाजवळ ठेवली. "ओव. मी बसतंय हयसर."

"बस. पण माझ्यार नजर ठेवूक बसू नको. ताट घे आणि मणी निवड. तिरके काढ बाजूक."

मग त्या दोघी कामाला लागल्या. आई मणी निवडत होती, कुलसुमबी ओवत होती. तिने 'बिस्मिल्ला' म्हटलं आणि आईला सांगायची गरज पडली नाही. आईने आपण होऊन भगवतीचं नाव घेतलं. मध्येच आईने विचारलं, "तुझी पोत खंय आसा आता?"

"हे गेले तेव्हा काढलंय. मीच सोडवलंय. ते मणी तहसीनच्या पोतीत घातलंय." तिची बोटं चालू होती. "ह्यांची आठवण येता माका, सुभद्रा. रोज येता. पोतीची नाय येवक. ता लिवणाऱ्या पोरीक ह्या कळला नाय. तिका वाटला, माणूस गेल्यार बायेक मण्यांचा दुःख."

दुपारपर्यंत ते पुरं झालं. ती ते पदराखाली घेऊन आत गेली, पडदा सोडला. आम्ही बाहेर बसून राहिलो आणि तन्वी तोंडावर हात दाबून हसत राहिली.

पुढचं आईने केलं. ती कुणाला समजावत बसली नाही. भाजीच्या बाजारात, बचत गटात, देवळाच्या पायरीवर तिने फक्त कळशीची गोष्ट सांगितली, आणि प्रत्येक वेळी 'माझी मोठी जाव' म्हणून शेवट केला. छापलेल्या कथेपेक्षा ही गोष्ट लवकर पोचली, कारण ती हसत हसत सांगता येत होती. काळश्याच्या बाईचा भाग तिने कुणाला सांगितला नाही. तहसीनला कुलसुमबीने स्वतः फोन केला. रुकैयाशी तिने अजून अबोला धरलाय. काही गोष्टी इतक्या सहज मिटत नाहीत आणि ती मिटवायच्या घाईतही नाही.

चारुता आली ती लग्नाच्या आधी आठवडाभर. तिला सगळं माझ्याकडून कळलं होतं. मी तिच्याबरोबर गेले. ओटीवर दोन बायका मणी घेऊन बसल्या होत्या. त्या उठेपर्यंत चारुता पायरीपाशी उभी राहिली. कुलसुमबीने तिला बसायला पाट दिला.

"वाचलंय मी तुझी कथा. दोनदा," ती म्हणाली. सातवीपर्यंतची मराठी शाळा झालेली आहे तिची, आणि पेपर ती रोज वाचते. "बरी लिवलंस. ता अजानचा लिवलंस ना, पावसात पातळ होता म्हणान, ता खरा."

"मी तुम्हाला विचारायला हवं होतं," चारुता म्हणाली. "तुम्ही पडद्याआड जायचात. मी इतकी वर्षं बघत होते. मला वाटायचं, आत काहीतरी दुःख असणार."

"असता ना. सगळ्यांच्या आत असता. पण आरसो खंय मिळालो तुका? माझो आरसो न्हाणयेत आसा, हातभर." मग तिचा आवाज जरा उतरला. "ती जुलेखा रडता त्येचा माका काय नाय. रडूक देत. तिका मंगळसूत्र होया वाटला तर वाटूक देत. अशी पण बाय असतली खंयतरी. पण ती मी नाय. लोकांनी माका तिच्यात बघल्यानी, कित्या? खुंटी बघल्यानी म्हणान."

"पुढच्या महिन्यात पुस्तक येतंय," चारुता म्हणाली. "ती कथा मी काढून टाकते."

"काढू नको. मेहनत केलंस. पण खुंटी काढ. खुंटी माझी आसा. माझ्या सासऱ्यान ठोकलेली. तुझ्या जुलेखाक दुसरी खुंटी दी, दुसरा घर दी. तिच्या आवशी-बापाशीचा, तिच्या नमाजाचा काय ता तिचा तिका दी."

चारुताने मान हलवली. तिने आणखी काही विचारलं, मण्यांबद्दल, दोऱ्याबद्दल, आणि या वेळी उत्तरं मिळेपर्यंत थांबली. निघताना कुलसुमबीने तिच्या हातावर खजूर ठेवले. पुस्तक आलं तेव्हा मी पाहिलं. जुलेखा आता पटवेकरीण नव्हती, आणि गावही समुद्राकाठचं नव्हतं. ती कुठल्याशा नदीकाठच्या गावात गोधड्या शिवत होती आणि तिला रागही येत होता. माझ्या प्रबंधिकेत मी तिच्यावर चार पानं लिहिली. कुलसुमबीवर तिथे एकही ओळ नाही. तिचं जे काही आहे ते कथेतलं नाही.

तन्वीचं लग्न धामापूरला, देवळाजवळच्या हॉलमध्ये झालं. गुरुवार होता. कुलसुमबी फिकट हिरव्या साडीत, पदर डोक्यावरून घेऊन आली. अक्षता पडेपर्यंत ती मागच्या खुर्चीवर बसून होती. मंगळसूत्र पडलं तेव्हा आईने वळून तिच्याकडे पाहिलं. वाट्या बरोबर मध्यभागी आल्या होत्या.

जेवणाच्या पंगतीत ती आईशेजारी बसली. सोलकढीची वाटी तोंडाला लावली होती, तेवढ्यात वराकडची एक अनोळखी बाई खुर्च्यांमधून वाट काढत तिच्यापाशी आली. तिच्या मुलीचं लग्न चैत्रात होतं. तिने विचारलं, मणी घेऊन उद्याच येऊ का.

कुलसुमबीने वाटी खाली ठेवली, ओठ पुसले.

"उद्या नको गो, उद्या जुम्मो. शनिवारी ये, सकाळची. आणि मणी धुवून हाड."